तीस प्रश्नांचा कागद आणि त्याचा समास : सोलापुरातील एका पार्किन्सन बाह्यरुग्ण सेवेचा अनुभव

माझे यजमान एकाहत्तर वर्षांचे आहेत. अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे डाइंग मास्तर म्हणून काम केले. २०१८ साली उजव्या हाताची थरथर सुरू झाली आणि पार्किन्सनचे निदान झाले. पहिली तीन वर्षे आम्ही दुसरीकडे उपचार घेतले. ऑगस्ट २०२१ पासून शहरातील एका खासगी रुग्णालयात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी भरणाऱ्या पार्किन्सन बाह्यरुग्ण सेवेत आम्ही जात आहोत. तेथे मेंदूविकारतज्ज्ञ बाहेरगावाहून येतात आणि एक प्रशिक्षित सिस्टर आधी रुग्णाची सविस्तर माहिती लिहून घेतात. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने मी रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. ज्यांना गरज आहे, त्यांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पत्ता मिळू शकेल.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी चार देईन. गेलेला एक गुण प्रतीक्षागृह, स्वच्छतागृह आणि एका गंभीर विसराळूपणासाठी गेला आहे, तर मिळालेल्या चारांपैकी निदान तीन गुण सिस्टरांच्या हातातील एका कागदाचे आहेत.

पहिल्या भेटीत हे खुर्चीवर बसले आणि सवयीने उजवा हात पुढे केला, कारण त्याआधीची तीन वर्षे प्रत्येक डॉक्टरांनी आधी हातच पाहिला होता. सिस्टरांनी हाताकडे लक्षही दिले नाही. “काका, दिवसा तोंडातून लाळ गळते का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यानंतर चव आणि वास, गिळण्याचा त्रास, शौचाला किती दिवसांनी होते, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, झोपेत हातपाय झाडता का, उदास वाटते का, नसलेली माणसे दिसतात का, असे एकूण तीस प्रश्न त्यांनी विचारले. काही प्रश्नांची उत्तरे यांनी दिली, काहींची मी दिली, आणि पाच-सहा प्रश्नांच्या वेळी आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, कारण ज्या गोष्टींचा या आजाराशी संबंध असेल असे आम्हांला कधी स्वप्नातही वाटले नव्हते, त्या गोष्टी हा कागद एकामागून एक काढत होता.

वासाचेच उदाहरण सांगते. डाइंग मास्तरचे अर्धे काम डोळ्यांचे असते आणि अर्धे नाकाचे. रंगाच्या हौदात हायड्रोस नावाचे रसायन कमी पडले की जास्त झाले, हे यांना दारातून आत येतानाच कळत असे. साधारण २०१० पासून ते हाताखालच्या मुलाला वास घ्यायला सांगू लागले. घरात शेंगाची चटणी कुटली तरी यांना पत्ता लागत नसे. रसायनांनी नाक मारले, असे आम्ही सर्वांनी मानले आणि तो विषय तेथेच संपला. बद्धकोष्ठता तर त्याहून जुनी होती. तिचा दोष आम्ही चहाला आणि पाळीच्या नोकरीला दिला. झोपेतील आरडाओरडा २०१२ च्या सुमारास सुरू झाला. कोणीतरी अंगावर धावून येत असल्यासारखे हे लाथा झाडत, शिव्या देत, आणि एका रात्री तर लोखंडी कपाटावर असा ठोसा मारला की बोटाला टाके घालावे लागले. सासूबाई हयात होत्या. त्यांनी दृष्ट काढली आणि उशाशी अंगारा ठेवला. २०१६ साली उजवा खांदा आखडला, त्यावर वर्षभर शेक आणि मालिश झाले. २०१७ साली निवृत्तीनंतर हे गप्प गप्प राहू लागले, तेव्हा घरी बसण्याचा धक्का बसला असेल, असे नातेवाईक म्हणाले. हाताची थरथर त्यानंतर आली. म्हणजे आमच्या मते २०१८ साली जो आजार सुरू झाला, तो त्या कागदाच्या हिशेबाने निदान आठ वर्षे आधीच घरात वावरत होता.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले, ते मला पुढे वाचनातूनही पडताळता आले. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन मज्जापेशींमध्ये गुठळ्या करून साचते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असे मांडले की या गुठळ्यांची सुरुवात बहुधा वासाशी संबंधित भागात आणि आतड्यांशी जोडलेल्या व्हेगस मज्जातंतूच्या मेंदूतील केंद्रात होते, तेथून त्या वर सरकतात आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या कृष्णद्रव्यापर्यंत नंतर पोहोचतात. नाक, आतडे आणि झोप आधी का बिघडतात, याचा उलगडा त्यामुळे होतो. मात्र सर्वच रुग्ण या वाटेने जात नाहीत, हेही डॉक्टरांनी त्याच दमात सांगितले. काहींमध्ये आजार आतड्यांच्या बाजूने वर चढतो, काहींमध्ये तो मेंदूतच सुरू होऊन खाली उतरतो, असा अलीकडचा विचार आहे, आणि झोपेतील हातपाय झाडणे थरथरीच्या आधीपासून असेल तर पहिल्या वाटेची शक्यता अधिक मानतात. या झोपविकाराबद्दलचा एक आकडा ऐकून मी चमकले. निरनिराळ्या देशांतील २४ केंद्रांनी १२८० जणांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ हाच झोपविकार असलेल्यांपैकी बारा वर्षांच्या अखेरीस सुमारे ७३ टक्के लोकांना पार्किन्सनसारखा आजार किंवा स्मृतिभ्रंश झाल्याचे आढळले. आम्ही ज्यावर अंगारा लावत होतो, ती गोष्ट ही होती.

आता त्या कागदाविषयी. तो त्या रुग्णालयाने तयार केलेला नाही. २००६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तयार केलेली ती प्रश्नावली आहे. गेल्या महिन्याभरात अमुक त्रास झाला का, एवढेच ती विचारते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर घेते. त्रास आहे की नाही हे कळण्यासाठी ती उत्तम आहे, पण त्रास वाढतो आहे का हे कळण्यासाठी अपुरी आहे. दोन दिवसांआड शौचाला होणाऱ्याचे उत्तर ‘होय’ आणि सहा दिवसांनी होणाऱ्याचेही ‘होय’च. ही उणीव भरण्यासाठी २००७ साली दुसरे एक मापनही आले, ज्यात प्रत्येक लक्षणाची तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार करतात, परंतु तिसऱ्या शनिवारच्या गर्दीत ते प्रत्येकासाठी भरणे शक्य होत नाही. आमच्या सिस्टरांनी त्यावर घरगुती उपाय शोधला आहे. त्या ‘होय’च्या खुणेशेजारी समासात बारीक अक्षरात आकडा लिहितात : ‘४ दिवस’, ‘रात्री ३ वेळा’, ‘दुपारी २ तास झोप’, ‘आठवड्यात एकदा ओरडले’. दर सहा महिन्यांनी नवा कागद भरला जातो आणि जुना फायलीत मागे लागतो. आमच्या फायलीत असे नऊ कागद आहेत. खुणांची संख्या पहिल्या कागदावर अकरा होती आणि नवव्यावर चौदा आहे. केवळ खुणा मोजल्या तर चार वर्षांत फारसे काही घडले नाही असे वाटेल. समास वाचला की आजार कोणत्या बाजूने, किती वेगाने सरकला, ते दिसते.

हे सांगण्याचे कारण असे की जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर आपला निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी बद्धकोष्ठता आणि बिघडलेली झोप या दोन्हींची नोंद केली होती, पण रुग्णाची बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असेही लिहून ठेवले. त्या वाक्याचा प्रभाव फार काळ टिकला. दोनशे वर्षांनंतरही बहुतेक दवाखान्यांत थरथर, ताठरपणा आणि चालण्याचा वेग यांवरच तपासणी संपते. इटलीत १०७२ रुग्णांची पाहणी करून २००९ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना हालचालीपलीकडचे निदान एक तरी लक्षण होते आणि सरासरी एका रुग्णाला जवळजवळ आठ लक्षणे होती. विचारले नाही तर ही लक्षणे रुग्ण सांगत नाहीत. लघवीच्या तक्रारी सांगायला संकोच वाटतो, आणि झोपेचा आपल्या हाताशी संबंध आहे हे कोणाला माहीतच नसते.

नऊ कागद एकापुढे एक ठेवून पाहिले तेव्हा माझी जी समजूत बदलली, ती अशी. ही सारी लक्षणे एका सरळ रेषेत चढत जातात असे मी धरून चालले होते. तसे होत नाही. वास गेला तो गेला, त्यात पुढे काही वाढण्यासारखे उरलेच नाही. बद्धकोष्ठता, रात्रीची लघवी, दिवसाची झोप आणि उभे राहताना येणारी भोवळ ही मात्र कागदागणिक पायरी पायरीने वाढली. उदासी आणि घाबरेपणा यांची चाल आणखी निराळी. पहिल्या कागदावर दोन्ही होते, तिसऱ्यावर नव्हते, पाचव्यावर परत आले, सहाव्यावर घाबरेपणा उरला आणि उदासी गेली.

पाचव्या कागदाच्या वेळी सिस्टरांनी मला एक काम दिले. जीव घाबरा होतो तेव्हा घड्याळ पाहून वेळ लिहायची, एवढेच. आठवडाभराने पाहिले तर अकराच्या सुमारास, तीनच्या सुमारास आणि सातच्या सुमारास, म्हणजे लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या पुढच्या गोळीच्या आधी अर्धा-पाऊण तास. गोळीचा अंमल उतरू लागला की आधी हात थरथरेल असे आपल्याला वाटते, पण यांच्या बाबतीत आधी मन थरथरे. डॉक्टरांनी एका वेळची मात्रा थोडी कमी केली, दिवसातील वेळा वाढवल्या, आणि घाबरेपणा बराच ओसरला. घाबरेपणावर वेगळी गोळी लिहून देणे कोणत्याही डॉक्टरांना सोपे गेले असते.

रक्तदाबाबद्दल मात्र मला तक्रार करायची आहे. पहिल्या कागदावरच ‘उभे राहताना अंधारी येते का’ या प्रश्नासमोर ‘होय’ची खूण होती. असे असताना पहिल्या दोन भेटींत यांचा रक्तदाब फक्त बसवून मोजला गेला. झोपवून मोजायचा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचा आणि वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर तो दोष मानायचा, हा साधा नियम आहे आणि त्याला यंत्राखेरीज काहीही लागत नाही. मे २०२२ मध्ये, पारा त्रेचाळीस अंशांवर गेलेला असताना, दुपारचे जेवण करून हे आरामखुर्चीतून उठले आणि सरळ चौकटीवर पडले. भुवईला जखम झाली. पुढच्या भेटीत मी आग्रह धरला तेव्हा मोजमाप झाले : झोपून १४६, उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०८. वर दहा वर्षांपूर्वी सुरू केलेली उच्च रक्तदाबाची गोळी चालूच होती. आजाराने रक्तवाहिन्यांचे नियंत्रण ढिले पडले होते, गोळी दाब आणखी उतरवत होती, भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढले जात होते, आणि सोलापूरच्या उन्हाने अंगातले पाणी घामावाटे काढून घेतले होते. चौघांनी मिळून यांना पाडले.

तेव्हापासून व्यवस्था सुधारली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आता आत गेल्याबरोबर प्रत्येकाला पलंगावर पाच मिनिटे झोपवतात. आमची जुनी गोळी फिजिशियनच्या सल्ल्याने बंद झाली. अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी, दुपारी थोडे थोडे जेवण, पलंगाची उशाकडची बाजू विटांवर चढवणे आणि उठताना आधी काठावर बसून पाय हलवणे, हे उपाय सिस्टरांनी लिहून दिले. उभे असताना मानेच्या आणि खांद्याच्या मागे येणारी कळ हीसुद्धा दाब उतरल्याची खूण असू शकते, हे मला तेथेच कळले. त्या कळीवर आम्ही मलम चोळत होतो. भोवळ थांबलेली नाही, पण पडणे थांबले आहे.

या सेवेची मला सर्वांत अधिक किंमत वाटते ती आणखी एका गोष्टीसाठी. कोणते लक्षण आजाराचे, कोणते औषधाचे आणि कोणते वयाचे किंवा दुसऱ्याच कारणाचे, हा निवाडा येथे प्रत्येक वेळी केला जातो. हालचालीपलीकडची लक्षणे वाढली म्हणजे आजार वाढला, असे गृहीत धरणे सोपे आहे आणि पुष्कळदा ते चुकीचे ठरते.

याची दोन उदाहरणे आमच्याच घरातील आहेत. २०२३ मध्ये यांना लॉटरीचे वेड लागले. जन्मात कधी पत्त्याचा डाव न मांडलेला माणूस फिरायला जातो म्हणून सांगून नवी पेठेत जाऊन तिकिटे घेऊ लागला, आणि महिन्याभरात निवृत्तिवेतनातील सात हजार रुपये गेले. हा प्रश्न तीस प्रश्नांच्या त्या कागदावर नाही. डॉक्टरांनी तो वेगळा विचारला, आणि विचारताना मला दोन मिनिटे बाहेर बसायला सांगितले. तेव्हा मला त्याचा थोडा राग आला होता. माझ्यासमोर यांनी ते कधीच कबूल केले नसते, हे नंतर लक्षात आले. कारण होते प्रामिपेक्सोल ही पार्किन्सनवरची गोळी, जी मेंदूत डोपामाइन या हालचालींना लागणाऱ्या रसायनासारखे काम करते. अमेरिका आणि कॅनडातील ३०९० रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, या वर्गातील औषधे घेणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांत जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी एखाद्या गोष्टीवरचा ताबा सुटलेला आढळला, तर ती न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि तीन महिन्यांत लॉटरी सुटली. माणूस बिघडला म्हणून घरोघरी जी भांडणे होतात, त्यांतली काही अशी एका गोळीपायी होत असतील, असे मला आता वाटते.

दुसरे उदाहरण दिसण्या-भासण्याचे. २०२४ च्या पावसाळ्यात यांना डोळ्याच्या कडेने मांजर गेल्यासारखे दिसू लागले. नंतर संध्याकाळी मागे कोणीतरी उभे आहे असे वाटू लागले. सुरुवातीला हे स्वतःच हसून म्हणत, “मांजर नाहीये, मला माहीत आहे, पण गेलं.” पुढे हसणे कमी झाले. आजार मेंदूच्या वरच्या भागात पोहोचल्याची ही खूण असू शकते, हे डॉक्टरांनी लपवले नाही, परंतु आधी त्यांनी लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना, हे पाहिले आणि मग जुन्या चिठ्ठ्या मागवल्या. त्यांत पहिल्या डॉक्टरांनी थरथरीसाठी सुरू केलेले ट्रायहेक्सिफेनिडिल अजून चालूच होते. हे औषध वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंदावते, भास वाढवते, आणि बद्धकोष्ठता व लघवीचा अडथळाही वाढवते, म्हणजे समासातील चार आकड्यांना एकटेच खतपाणी घालत होते. ते एकदम न थांबवता आठवड्या-आठवड्याने उतरवले. थरथर किंचित वाढली. मागे उभा राहणारा माणूस गेला, आणि मांजर अजून कधीतरी येते.

मग सुमारे तीन वर्षे हे औषध येथील डॉक्टरांच्या नजरेतून कसे सुटले, असा प्रश्न कोणी विचारील, तर तो मीही विचारला. एका तिसऱ्या शनिवारी पन्नास रुग्ण असतात, हे उत्तर मिळाले. ते खरे आहे आणि पुरेसे नाही.

त्याच भेटीत त्यांनी एक छापील पत्र पाकिटात ठेवायला दिले. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ओकारीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल देऊ नये, कारण ही औषधे मेंदूतील डोपामाइनचा मार्ग अडवून आजाराची लक्षणे वाढवतात, असे त्यावर स्पष्ट मराठीत लिहिले आहे. एवढ्याशा कागदाची किंमत रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागात कळते.

बुद्धीच्या बाबतीत काय होणार, हे मी डॉक्टरांना सरळ विचारले. अमुक टक्के पिवळा, तमुक टक्के निळा, अशा शेकडो छटांची प्रमाणे यांना तोंडपाठ होती आणि ती पुष्कळशी अजूनही आठवतात. जाते ती जुळवाजुळव. वीजबिल भरायचे, येताना औषध आणायचे आणि वाटेत किल्ली करून घ्यायची, अशी तीन कामे एका फेरीत बसवता येत नाहीत. पार्किन्सनमध्ये बहुधा आधी नियोजन आणि लक्ष ढिले पडते आणि स्मरणशक्ती त्यामानाने उशिरा, हे ऐकून मला थोडा धीर आला. त्यांनी सिडनीतील दीर्घ अभ्यासाचा आकडाही सांगितला. तेथे निदानापासून १३६ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला आणि वीस वर्षांनंतर जे हयात होते, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. लगेच त्यांनी हेही सांगितले की अलीकडच्या काही मोठ्या पाहण्यांत पहिल्या दहा वर्षांतील हा धोका पूर्वी समजला जाई त्याहून बराच कमी दिसतो, आणि निदानाच्या वेळचे वय, झोपविकार व उभे राहताना उतरणारा रक्तदाब यांवर तो अवलंबून असतो. हा आकडा मला कोणी सांगितला नसता तर बरे झाले असते, असे परतताना रिक्षात मला वाटले. सात रस्त्यापर्यंत मी काही बोलले नाही. तरीही विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले, याचे गुण मी कापणार नाही.

आहाराचा सल्ला त्रोटक आहे, कारण आहारतज्ज्ञ नाही आणि गिळण्याची तपासणी करणारे कोणी नाही. कडक भाकरी कोरडी न देता आमटीत चुरून द्यावी, शेंगाची चटणी कोरडी दिली तर ठसका लागतो म्हणून ती दह्यात कालवावी, पण दही आणि शेंगदाणे दोन्ही प्रथिनांचे असल्याने लेव्होडोपाची गोळी त्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, एवढे सिस्टरांनी सांगितले. पोट साफ नसेल तर गोळी आतड्यांत उशिरा पोहोचते आणि हातपाय उशिरा सुटतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. तेव्हापासून इसबगोल आमच्याकडे पार्किन्सनच्या औषधांच्याच डब्यात असतो.

आता जागेविषयी. ज्यांना लघवी रोखता येत नाही अशा रुग्णांची ही सेवा आहे आणि स्वच्छतागृह मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून आहे. हातांना आधार नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, ज्यांतून पार्किन्सनच्या माणसाला उठता येत नाही. वेळ अकराची दिली तरी क्रमांक दीड वाजता लागतो, त्यामुळे गोळीची वेळ प्रतीक्षागृहात येते आणि डॉक्टरांसमोर जाताना रुग्णाची अवस्था नेमकी कशी होती, अंमलातली की उतारावरची, हे सिस्टरांना वेगळे लिहावे लागते. पहिल्या भेटीला बाराशे आणि पुढच्या भेटींना आठशे रुपये घेतात. कागद भरण्यात सिस्टरांची पाऊण तासाची मेहनत असते, हे पाहता मला ते जास्त वाटत नाहीत. मंगळवारी सकाळी होणाऱ्या सामूहिक व्यायामाचे वेगळे पैसे नाहीत. तेथे चार घरची माणसे भेटतात आणि एकमेकांचे ऐकतात, एवढ्यासाठीच हे उत्साहाने जातात. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आमच्या मंगळवारच्या वर्गाने ते शब्द उचलले आहेत, परंतु तशा मंडळाची शिस्त आणि व्याख्याने यायला अजून वेळ आहे.

एक उणीव खास सोलापूरची आहे. तो कागद फक्त मराठीत आहे. माझ्या शेजारी एकदा पूर्व भागातील एक तेलुगू भाषक आजी बसल्या होत्या, त्यांच्याबरोबर कॉलेजात जाणारा नातू होता. सिस्टर मराठीत विचारत, नातू तेलुगूत सांगत असे आणि उत्तर मराठीत आणत असे. लघवीच्या आणि भासांच्या प्रश्नांवर तो मुलगा लाजून दोनच शब्दांत उरकत होता, हे भाषा न समजताही कळत होते. आजींच्या कागदावर त्या ओळींसमोर ‘नाही’ लिहिले गेले. ज्या शहरात विडी वळणाऱ्या आणि मागावर आयुष्य घालवलेल्या असंख्य वृद्धांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे, तेथे या दोन भाषांतील कागद आणि ती बोलणारी एखादी बाई हवीच. मी लेखी सूचना दिली आहे. दोन शनिवार उलटले, अजून कागद आलेला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आतापर्यंतच्या सर्व चिठ्ठ्या, बंद झालेल्या औषधांच्यासुद्धा, बरोबर न्याव्यात. गोळ्यांच्या वेळा आणि आठवडाभराची झोप, शौच व घाबरेपणाची टिपणे कागदावर लिहून न्यावीत, कारण तेथे विचारले की काहीच आठवत नाही. रात्री शेजारी झोपणारे माणूस बरोबर असलेच पाहिजे, झोपेच्या प्रश्नांची उत्तरे रुग्णाला देता येत नाहीत. एक गोळी, पाण्याची बाटली आणि हात टेकता येईल अशी काठी जवळ ठेवावी. आणि रक्तदाब झोपवून व उभे करून अशा दोन्ही वेळा मोजल्याखेरीज खोलीतून बाहेर पडू नये.